घरच्या नूडल्स, वीस मिनिटांत

(बाहेरचे चटकदार खाणे सर्वांनाच आवडते. पण तोच पदार्थ घरी, थोड्या वेळात आणि शरीराला मानवेल अशा रीतीने करता येतो का? एका शिक्षकाने आपल्या वर्गात करून दाखवलेल्या पदार्थाची माहिती या पाठात दिली आहे. पाठ वाचताना स्वयंपाकघरातील मराठी शब्द आणि क्रियापदे यांकडे लक्ष द्या.)



कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल सुटली की पहिले स्थानक लागते विठ्ठलवाडी. संध्याकाळी या स्थानकातून बाहेर पडले, की डोळ्यांच्या आधी नाकाला कळते की चायनीजच्या गाड्या लागल्या आहेत. मोठी काळी कढई, तिच्याखाली भडकलेला जाळ, झाऱ्याचा खणखणाट आणि लसणाचा वास! कामावरून परतणारी माणसे तेथे थांबतात. शाळा सुटल्यावर आपल्यातील काही मुलेही थांबतात. खोटे कशाला बोलू? मीही थांबलो आहे.

आज मी तुम्हांला हाच पदार्थ घरी कसा करायचा ते सांगणार आहे. पण त्याआधी मी हा पाठ का घेतला, ते ऐका.

एकदा नववीच्या वर्गात तिसऱ्या तासाला एक मुलगा बाकावर डोके टेकून बसला होता. मी त्याला जवळ बोलावले. हात थंडगार होते. मी विचारले, "सकाळी काय खाल्लेस?" तो म्हणाला, "सर, पाकीट." पाकीट म्हणजे झटपट नूडल्सचे पाकीट. तेही कोरडेच चुरडून, वर मसाला भुरभुरून खाल्लेले. आठवीपर्यंत शाळेत दुपारचे जेवण मिळते. नववीत गेल्यावर ते बंद होते. त्यामुळे सकाळचे पाकीट हेच त्याचे दुपारपर्यंतचे जेवण होते.

हळूहळू सगळी गोष्ट कळली. त्याची अम्मी उल्हासनगरात जीन्स शिवण्याच्या कारखान्यात काम करते. ती रात्री नऊला घरी येते. घरी तिसरीतला धाकटा भाऊ. त्याचे संध्याकाळचे खाणे या मुलाकडे. तो रोज एक पाकीट उकळतो आणि दोघे अर्धे अर्धे खातात. मी म्हणालो, "अरे, दुसरे काही का करत नाहीस?" त्याने खाली मान घातली आणि म्हणाला, "सर, मला फक्त पाणी उकळता येते."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. आपण मुलांना चौकोनाचे क्षेत्रफळ शिकवतो, नद्यांची नावे शिकवतो. पण भूक लागली असता काय करावे, हे कोण शिकवणार? म्हणून पुढच्या शनिवारी कार्यानुभवाच्या तासाला मी घरून कढई, झारा आणि शेगडी घेऊन वर्गात आलो. मुले हसली. एक जण म्हणाला, "सर, हे तर बाजीचे काम!" मी विचारले, "स्टेशनबाहेर गाडीवर कढई हलवतो तो कोण असतो? हॉटेलातला आचारी कोण असतो? त्याला तुम्ही हसता का?" मग कोणी हसले नाही. भूक मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. मग स्वयंपाकाने तरी का करावा?

नूडल्स आणि आपल्या शेवया

नूडल्स हा परका पदार्थ वाटतो. पण ईदच्या दिवशी शीरखुर्म्यात आपण काय घालतो? सिवैयाँ. मराठीत त्यांनाच शेवया म्हणतात. पीठ मळून, त्याचे लांब बारीक धागे करून ते वाळवायचे, ही कल्पना दोन्हींत एकच आहे. महाराष्ट्रात उन्हाळ्यात घरोघरी गव्हाच्या शेवया करून वाळवण्याची जुनी पद्धत आहे. आता हे काम अनेक ठिकाणी महिला बचत गट करतात. बाजारात नाचणीच्या शेवयाही मिळतात.

नूडल्सचा इतिहास फार जुना आहे. चीनमध्ये पीत नदीच्या खोऱ्यात लाजिया नावाचे ठिकाण आहे. तेथे उत्खननात मातीचा एक उलटा पडलेला वाडगा मिळाला. त्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स होत्या. ही माहिती २००५ मध्ये जगापुढे आली.

झटपट नूडल्स मात्र अलीकडच्या. जपानमध्ये १९५८ साली मोमोफुकू आंदो यांनी त्या प्रथम बाजारात आणल्या. त्यांची युक्ती अशी : शिजवलेल्या नूडल्स तेलात तळायच्या. तळताना आतील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते आणि धाग्यांत बारीक बारीक छिद्रे राहतात. पुढे गरम पाणी घातले की ते या छिद्रांतून झटकन आत शिरते. म्हणून त्या दोन-तीन मिनिटांत शिजतात. भारतात अशी पाकिटे १९८३ पासून घराघरांत पोहोचू लागली.

गाडीवरच्या नूडल्सची वाट वेगळी आहे. कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी लोकांत हाका समाजाचे लोक बरेच होते. त्यांच्या नावावरून 'हाका नूडल्स' हा शब्द आला. त्यांच्या पदार्थांत आपल्याकडचे आले, लसूण आणि हिरवी मिरची मिसळली आणि एक नवीनच चव तयार झाली. तिला आपण 'चायनीज' म्हणतो, पण ती चव आता भारतीयच म्हटली पाहिजे.

पाकिटावर काय लिहिले आहे?

मग पाकीट वाईट आहे का? कधीतरी खाल्ले तर बिघडत नाही. अडचण होते ती रोज खाण्याने आणि फक्त तेच खाण्याने. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण मैदा. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की मैदा उरतो. कोंड्याबरोबर चोथा, लोह आणि काही जीवनसत्त्वेही निघून जातात. पोट भरते, पण शरीराची गरज भागत नाही.

दुसरे कारण तेल. झटपट नूडल्स बहुधा तळलेल्या असतात, हे आपण वर पाहिलेच.

तिसरे कारण मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. लहान मुलांना त्याहूनही कमी पुरते. पाकिटावर 'मीठ' असे लिहिलेले नसते, 'सोडियम' असे लिहिलेले असते. हिशेब सोपा आहे. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे १ ग्रॅम मीठ. समजा, एका पाकिटात ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. म्हणजे २ ग्रॅम मीठ झाले. मिठाचे प्रमाण वर्षानुवर्षे जास्त राहिले तर रक्तदाब वाढण्याची शक्यता असते.

पाकिटावरचा मजकूर वाचण्याची सवय का हवी, हे २०१५ साली सर्व देशाला समजले. त्या वर्षी जून महिन्यात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एका प्रसिद्ध कंपनीच्या नूडल्स बाजारातून मागे घेण्याचा आदेश दिला. शिसे जास्त असल्याचा आणि वेष्टनावरील मजकूर दिशाभूल करणारा असल्याचा आक्षेप होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि नमुने पुन्हा तपासण्यास सांगितले. नव्या तपासणीत शिसे मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. निकाल काहीही लागो, एक गोष्ट चांगली झाली. लोक पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचू लागले.

गाडीवरच्या पांढऱ्या पावडरीविषयीही मुले विचारतात. ती म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशैवालाच्या रश्श्यात ही चव शोधून काढली. अशीच चव पिकलेल्या टोमॅटोतही नैसर्गिकरीत्या असते. थोड्या प्रमाणात ही पावडर विषारी नाही. पण तिच्यातही सोडियम आहे. शिवाय भाज्या ताज्या असल्या तर तिची गरजच पडत नाही.

साहित्य (चार माणसांसाठी)

साध्या, न तळलेल्या नूडल्स २०० ग्रॅम. गव्हाच्या मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर गव्हाच्या जाड शेवयाही चालतील.

पाव किलो कोबी, दोन गाजरे, एक ढोबळी मिरची, मूठभर फरसबी, एक मोठा कांदा, दोन काड्या कांद्याची पात.

लसणाच्या सात-आठ पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, एक हिरवी मिरची.

चार अंडी किंवा ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या.

तेल चार चहाचे चमचे, सोया सॉस दोन चहाचे चमचे, मीठ पाव चहाचा चमचा, मिरपूड अर्धा चहाचा चमचा, अर्धे लिंबू.

उर्दूत आपण पत्तागोभी म्हणतो, मराठीत कोबी. प्याज म्हणजे कांदा, अदरक म्हणजे आले, लहसुन म्हणजे लसूण आणि शिमला मिर्च म्हणजे ढोबळी मिरची. गाजर मात्र दोन्ही भाषांत गाजरच! बाजारात भाजीवाल्या मावशींना हे शब्द मराठीत विचारून पाहा.

कृती

१. प्रथम हात साबणाने धुवा. मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळत ठेवा. पाणी उकळेपर्यंत भाज्या धुऊन घ्या आणि मग चिरा. आधी चिरून नंतर धुतल्या तर काही जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात. सर्व भाज्यांचे लांब, पातळ आणि सारख्या जाडीचे तुकडे करा. एक तुकडा जाड आणि एक पातळ असेल, तर एक कच्चा राहील आणि दुसरा करपेल. आले किसा, लसूण ठेचा.

२. पाण्याला उकळी आली की नूडल्स सोडा. पाकिटावर जितकी मिनिटे लिहिली असतील त्यापेक्षा एक मिनिट आधीच त्या काढा, कारण पुढे कढईत त्या आणखी शिजणार आहेत. शेवया घेतल्या असतील तर दोन मिनिटांनंतर एक धागा बोटाने दाबून पाहा. चाळणीत ओतून वरून थंड पाणी घाला. त्यामुळे शिजण्याची क्रिया थांबते आणि धाग्यांवरचा चिकट पिठूळपणा धुऊन जातो. मग अर्धा चमचा तेल लावून नूडल्स ताटात पसरून ठेवा. आता त्यांचा गोळा होणार नाही.

३. लोखंडी कढई चांगली तापवा. एक चमचा तेल घाला. त्यात फेटलेली अंडी ओतून हलवा. ती पूर्ण शिजली की बाजूला काढा. सोयाबीनच्या वड्या घेतल्या असतील तर त्या गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून, घट्ट पिळून, चिरून मग परता.

४. उरलेले तेल घाला. लसूण, आले आणि मिरची अर्धा मिनिट परता. लसूण तपकिरी होऊ देऊ नका. तो जळला की कडू लागतो.

५. आता भाज्या एकदम घालू नका. जी भाजी टणक, ती आधी. म्हणून प्रथम फरसबी आणि गाजर, दोन मिनिटांनी कांदा आणि कोबी, शेवटी ढोबळी मिरची. आच मोठी ठेवा आणि झारा चालू ठेवा. कढईवर झाकण ठेवू नका.

६. भाज्या अर्धवट शिजल्या की नूडल्स, अंडी, सोया सॉस, मीठ आणि मिरपूड घाला. दोन चमच्यांनी वर-खाली करून मिसळा. दोन मिनिटांनी शेगडी बंद करा. मग लिंबू पिळा आणि कांद्याची पात चिरून भुरभुरा.

असे का करायचे?

मराठीत 'परतणे' हे छान क्रियापद आहे. थोड्या तेलात, मोठ्या आचेवर, सतत हलवत शिजवणे म्हणजे परतणे. तळताना पदार्थ तेलात बुडतो. परतताना तेल फक्त कढईला लागलेले असते. भाज्या थोडा वेळच शिजतात, म्हणून त्यांचा रंग, कुरकुरीतपणा आणि जीवनसत्त्वे बरीचशी टिकतात.

गाडीवरचा चुलाणा फार मोठा असतो. घरच्या शेगडीला तेवढी आच नसते. अशा वेळी कढई भाज्यांनी गच्च भरली तर ती थंड पडते, भाज्यांना पाणी सुटते आणि नूडल्सचा लगदा होतो. म्हणून माणसे जास्त असतील तर दोन वेळा करावे, पण एकदम करू नये.

गाजरात कॅरोटिन असते. त्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. ते शरीरात शोषले जाण्यासाठी थोडे तेल लागतेच. म्हणून तेल अजिबात नको, असेही नाही. लिंबात आणि ढोबळी मिरचीत 'क' जीवनसत्त्व असते. ते भाज्यांतील लोह शोषून घेण्यास मदत करते. परंतु उष्णतेने ते कमी होते, म्हणून लिंबू शेवटी पिळायचे. लोखंडी कढईतूनही थोडे लोह अन्नात उतरते.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनच्या वड्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग प्रथिनांचा असतो. ५० ग्रॅम वड्या चौघांत वाटल्या तरी प्रत्येकाला एका अंड्याइतकी प्रथिने मिळतात.

आता मिठाचा हिशेब करू. सोया सॉसचे दोन चमचे आणि पाव चमचा मीठ मिळून सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम होते. चौघांत वाटले तर प्रत्येकी ३०० मिलिग्रॅम. म्हणजे पाऊण ग्रॅम मीठ. साध्या नूडल्समध्ये मुळातच थोडे मीठ असू शकते. ते पाकिटावर पाहून त्यात मिळवा. तरीही बेरीज आटोक्यात राहते.

सावधगिरी

शेगडीजवळ ओढणी किंवा सैल बाही लोंबती ठेवू नका. कढईचा कान फडक्याने धरा. ओल्या भाज्या गरम तेलात टाकू नका, तेल उडते. गॅसचा वास आला तर काडी पेटवू नका, दिव्याचे बटणही दाबू नका. शेगडी आणि सिलिंडर बंद करून खिडक्या उघडा आणि मोठ्या माणसांना बोलवा. पहिल्या वेळी घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

त्या शनिवारी आम्ही सर्वांनी कागदी द्रोणांत थोड्या थोड्या नूडल्स खाल्ल्या. तो मुलगा कढईच्या अगदी जवळ उभा होता. काही विचारत नव्हता, फक्त पाहत होता. जाताना त्याने माझ्याकडून साहित्याची यादी वहीत उतरवून घेतली.

तीन आठवड्यांनी त्याने मला एक डबा आणून दिला. मी उघडून चाखले. फरसबी थोडी कच्ची होती आणि मीठ जरा जास्त पडले होते. मी तसे सांगितले. खोटी स्तुती कशाला करायची? तो हसला आणि म्हणाला, "सर, काल अम्मी आली तेव्हा तिचे ताट झाकून ठेवले होते. ती म्हणाली, कामावरून आल्यावर चुलीकडे न जाता थेट जेवायला बसले, असे आज पहिल्यांदाच झाले."

मुलांनो, बाहेरचे खाणे कधीतरी खुशाल खा. गाडीवरचा माणूसही कष्टाचीच भाकरी मिळवतो. पण जो आपल्या हाताने चार भाज्या चिरून घरच्यांना वाढू शकतो, तो उपाशी राहत नाही आणि कोणाला उपाशी ठेवतही नाही. पाणी उकळता येते ना? मग सुरुवात झालीच आहे. पुढची वीस मिनिटे तेवढी शिकून घ्या.

शब्दार्थ

झारा – भोके असलेला मोठा चमचा. चाळणी – पाणी निथळण्याचे भोकांचे भांडे. वेष्टन – वस्तूवरचे आवरण. चोथा – धान्यातील व भाजीतील न पचणारा भाग. करपणे – जळून काळे पडणे. भुरभुरणे – वरून थोडे थोडे टाकणे. आच – जाळाची उष्णता. आटोक्यात – मर्यादेत. द्रोण – पानाची किंवा कागदाची वाटी.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'सिवैयाँ' या शब्दाला मराठीत काय म्हणतात?
(आ) झटपट नूडल्स प्रथम कोणत्या देशात बाजारात आल्या?
(इ) लिंबू शेवटी का पिळावे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) झटपट नूडल्स दोन-तीन मिनिटांत का शिजतात?
(आ) कढई भाज्यांनी गच्च भरली तर काय होते?
(इ) लेखकाने वर्गात स्वयंपाक करून दाखवण्याचे का ठरवले?

३. पुढील क्रियापदांतील फरक सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
उकळणे – उकडणे, तळणे – परतणे, चिरणे – किसणे.

४. हिशेब करा. एका पाकिटावर सोडियम १००० मिलिग्रॅम लिहिले आहे. त्यात सुमारे किती ग्रॅम मीठ आहे?

५. उपक्रम. या पाठातील साहित्याचे आजचे भाव बाजारात मराठीतून विचारा. चार माणसांच्या नूडल्सना घरी किती खर्च येतो ते काढा आणि गाडीवरच्या चार प्लेटींच्या किमतीशी त्याची तुलना करा.